हॅरिएट टबमन: सुटका प्रत्यक्षात कशी पार पडायची?

पाणथळ

अमेरिकेतल्या गुलामांना गुपचूप स्वातंत्र्याकडे नेणाऱ्या हॅरिएट टबमनवरचे लेख बहुधा एकाच साच्यातले असतात. एकोणीस फेऱ्या, तीनशे गुलाम, डोक्यावर चाळीस हजार डॉलरचं इनाम, हातात पिस्तूल, आकाशात ध्रुवतारा. पिस्तूल आणि ध्रुवतारा खरे, आकडे फुगवलेले. पण आकडे सोडा. बाई हे सगळं करायची कसं, हेच कुणी धड लिहीत नाही. ‘देवावर श्रद्धा आणि अचाट धैर्य’ इथे लेख संपतो. तिची श्रद्धा होतीच, पण श्रद्धेने दलदलीतली पायवाट सापडत नाही. म्हणून हा धागा फक्त कार्यपद्धतीवर. भर घाला, चुका काढा.

आधी जागा समजून घेऊ. चेसापीक उपसागराच्या पूर्वेला मेरीलँडचा जो सपाट, खाड्या-दलदलींनी चिरलेला पट्टा आहे, त्यातला डॉर्चेस्टर परगणा. तिथे १८२२ च्या सुमारास ती जन्मली. नाव अरामिंटा रॉस, सगळे मिंटी म्हणायचे; हॅरिएट टबमन हे नाव नंतरचं. आई रिट आणि मुलं ब्रोडेस घराण्याच्या मालकीची. बाप बेन रॉस दुसऱ्या मालकाचा, लाकूडतोडीवरचा मुकादम. तो १८४० मध्ये कायद्याने मुक्त झाला. मिंटीला लहानपणापासून इतरांकडे भाड्याने दिलं जायचं. त्यातलं एक काम म्हणजे थंडीत पाण्यात उतरून मस्करॅटचे (पाणउंदरासारखा प्राणी) सापळे तपासणं. मोठेपणी ती बापाबरोबर रानात, ओंडके तोडायला आणि बैलांनी ओढून घाटावर आणायला. कुठल्या खाडीला कुठे उतार आहे, कुठली जमीन पायाखाली धसते, हे ज्ञान तिथलं. दहा वर्षांनी ते जसंच्या तसं कामी आलं.

दिशा. ध्रुवतारा ढगाळ रात्री दिसत नाही आणि त्या पट्ट्यात हिवाळ्यात ढग कमी नसतात. खरा वाटाड्या चॉपटँक नदी. ती ईशान्येकडून नैऋत्येला वाहत उपसागराला मिळते. तिच्या काठाने उगमाकडे चालत राहिलं की माणूस आपोआप डेलावेअरच्या हद्दीशी पोचतो. तिथून सँडटाउन, कॅम्डन, डोव्हर, ब्लॅकबर्ड, विल्मिंग्टन आणि मग पेन्सिल्व्हेनियाची हद्द. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. डेलावेअरमध्येही गुलामगिरी कायदेशीर होती, म्हणजे तिथे पोचून सुटका नव्हती.

वेळ. निघायचं शनिवारी रात्री. रविवार सुट्टीचा, माणूस नातेवाइकांकडे गेला असेल असं मालक धरून चालायचा. बोंब उठायची सोमवारी सकाळी आणि पळाल्याची जाहिरात त्यानंतर छापखान्यात जायची. म्हणजे जवळजवळ दीड दिवसाची आघाडी फुकटात. ऋतू शक्यतो हिवाळ्याचा किंवा शरदाचा: त्या अक्षांशावर डिसेंबरची रात्र चौदा तासांहून मोठी, जूनची जेमतेम नऊ. थंडीत लोक दारं लावून घरात बसतात हाही फायदा.

आणखी एक, जे चित्रांत नेहमी चुकतं: ती मळ्यावर जाऊन झोपड्यांची दारं ठोठावत नव्हती. निरोप आधी जायचा, भेटीची जागा काही मैल दूर ठरायची, निघणाऱ्याने तिथे स्वतःच्या पायाने यायचं. जो वेळेवर आला नाही तो राहिला.

शंकासूर

चांगला धागा. पण आकडे ‘फुगवलेले’ म्हणून पुढे सरकू नका, खरे किती तेही सांगा. तीनशे नाहीत तर किती?

पाणथळ

सुमारे तेरा फेऱ्या, सुमारे सत्तर माणसं, १८५० ते १८६० या काळात. शिवाय जवळपास तितक्याच लोकांना तिने वाट समजावून सांगितली आणि ते आपापले निघाले. १८५८-५९ च्या सभांमध्ये ती स्वतः आठ-नऊ फेऱ्या आणि पन्नास-साठ माणसं असं सांगायची. एकोणीस आणि तीनशे हे आकडे १८६९ च्या चरित्रातले. तिच्या घराच्या कर्जासाठी ते घाईने लिहिलं गेलं होतं.

चाळीस हजारांचं इनाम अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर एका कार्यकर्तीने वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रातून आलं. तुलनेला बघा: लिंकनच्या मारेकऱ्यावर सरकारने पन्नास हजार लावले होते. तिच्यावरची उपलब्ध जाहिरात एकच, ३ ऑक्टोबर १८४९ ची, मालकिणीने दिलेली. १७ सप्टेंबरला मिंटी आणि तिचे दोन भाऊ पळाले त्याबद्दल. राज्याबाहेर सापडल्यास प्रत्येकी शंभर डॉलर, राज्यात पन्नास. भाऊ घाबरून परतले, त्यांच्याबरोबर तिलाही फिरावं लागलं. थोड्याच दिवसांत ती एकटी गेली ती गेलीच.

पुढची दहा वर्षं मेरीलँडच्या मालकांना माणसं कोण पळवतंय याचा पत्ता नव्हता. मिंटी पळाली हे त्यांना ठाऊक, पण हॅरिएट टबमन नावाची बाई परत परत येते हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माणसं पळवणारी म्हणून तिच्यावर इनाम नव्हतं, हीच तिच्या कामाची पावती आहे.

दर्यावर्दी

धाग्यात पाण्याची बाजू राहिली. पायी चालण्याचं चित्र डोक्यात बसल्यामुळे सगळे बोटी विसरतात.

त्या भागात काळे खलाशी, नावाडी, जहाजबांधणीचे सुतार भरपूर. कित्येक जण मुक्त होते. १८६० च्या शिरगणतीत मेरीलँडमध्ये मुक्त काळे सुमारे ८४ हजार आणि गुलाम ८७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मेनिम्मे. रस्त्यावर काळा माणूस दिसला म्हणजे तो पळालेलाच असं धरता यायचं नाही, याचा तिला पुरेपूर उपयोग झाला. बातम्याही याच खलाशांकडून फिरायच्या: बाल्टिमोरच्या गोदीत काल काय झालं हे डॉर्चेस्टरमधल्या केंब्रिज गावच्या धक्क्यावर कळायचं.

पहिली मोहीम डिसेंबर १८५० ची. तिची भाची केसाया आणि दोन मुलं यांचा लिलाव केंब्रिजच्या न्यायालयासमोर होणार होता. केसायाचा नवरा जॉन बाउली मुक्त, जहाजावरचा सुतार. त्याने लिलावात बोली लावली आणि ती त्याच्याच नावावर सुटली! लिलाव करणारे जेवायला गेले. परत येऊन पैसे मागतात तर बोली लावणारा गायब, बायको-मुलंही गायब. गावातच एका घरात तिघांना दडवून ठेवलं होतं. रात्री जॉनने त्यांना ओंडके जोडून केलेल्या शिडाच्या होडीत घातलं आणि उपसागरातून बाल्टिमोर गाठलं. तिथे हॅरिएट वाट बघत होती, पुढचा टप्पा तिचा.

या प्रकरणात तिने डॉर्चेस्टरमध्ये पाऊलही ठेवलं नाही हे ध्यानात घ्या. धोक्याचा भाग ज्याला तिथे उजळ माथ्याने फिरता येतं त्याने करायचा, अनोळखी शहरातला भाग तिने.

निशाचर

दर्यावर्दी, पुस्ती जोडतो. ऑक्टोबर १८५६ मध्ये टिली नावाच्या तरुणीला आणलं तो डाव तर उलट्या दिशेचा आहे. बाल्टिमोरहून उत्तरेला जाणाऱ्या आगगाडीवर आणि आगबोटीवर काळ्या प्रवाशाची झडती व्हायची, गोरा जामीनदार लागायचा. दक्षिणेला जाणाऱ्याकडे कोण बघणार? स्वातंत्र्याकडे पळणारा दक्षिणेला कशाला जाईल? मग दोघी दक्षिणेच्या आगबोटीत बसल्या, नँटिकोक नदीने डेलावेअरमधल्या सीफर्डला उतरल्या, चक्क खाणावळीत मुक्काम केला. पुढे आगगाडीने कॅम्डन, तिथून घोडागाडीने विल्मिंग्टन.

हॅरिएटजवळ एक कागद होता: ती फिलाडेल्फियाची मुक्त रहिवासी आहे असा एका आगबोटीच्या कप्तानाचा दाखला. सीफर्डला एका गुलामांच्या व्यापाऱ्याने हटकलं तेव्हा तो कागद उपयोगी पडला. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण कुठला कागद कुठे दाखवायचा हे बरोबर कळायचं.

कागदी घोडा

कागदाचा विषय निघालाच आहे तर १८५४ च्या नाताळचं पत्र यायलाच हवं. सगळ्या मोहिमांत मला हीच सर्वात घोटून तयार केलेली वाटते.

तिला कळलं की रॉबर्ट, बेन आणि हेन्री या तीन भावांना नाताळच्या दुसऱ्या दिवशी विकणार. निरोप कसा पाठवायचा? भाऊ निरक्षर, शिवाय गुलामाला आलेलं पत्र मालक फोडणार. डॉर्चेस्टरमध्ये जेकब जॅक्सन नावाचा मुक्त काळा शेतकरी होता, त्याला वाचता यायचं. त्याचा मानलेला मुलगा विल्यम हेन्री उत्तरेत राहायचा. हॅरिएटने त्या मुलाच्या नावाने पत्र लिहून घेतलं. मजकुराचा आशय असा: घरच्या वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि माझ्या भावांना सांगा की प्रार्थनेत जागे राहा, झायनचं जुनं जहाज आलं की चढायला तयार असा.

जेकबवर आधीच संशय होता, म्हणून टपालवाल्यांनी पत्र फोडून वाचलं. त्यांना अर्थ लागेना, कारण त्या मुलाला ना वडीलधारे होते ना भाऊ. म्हणून त्यांनी जेकबलाच बोलावून विचारलं. त्याने पत्र एकदा वाचलं, झायनचं जहाज म्हणजे हॅरिएट हे लगेच उमगलं, आणि हे माझ्यासाठी नसणारच, याचं टोक ना बुड, म्हणून परत टाकलं. तिथून निघून थेट भावांना सांगितलं.

आता अडचणी बघा. रॉबर्टच्या बायकोला नेमक्या त्याच रात्री कळा सुरू झाल्या. तो थांबला, तोवर बाकीचे निघून गेले होते. हॅरिएट कुणासाठी थांबत नसे, सख्ख्या भावासाठीही नाही. मागाहून धावपळ करून त्याने त्यांना पॉप्लर नेकला गाठलं, आईबाप राहायचे तिथे. बेनची होणारी बायको जेन हिच्यासाठी पुरुषी कपडे आधी एका जागी लपवून ठेवले होते. ते चढवून ती मालकाच्या घरातून निघाली. शोधणारे बाई शोधत होते, पोरगा गेला तर कोण बघतो?

नाताळच्या दिवशी सगळे बापाच्या घराजवळच्या कडब्याच्या कोठारात, वरून पाऊस. आई रिट मुलं जेवायला येतील म्हणून वाट बघत होती. फटींतून ती त्यांना दिसत होती, पण तिला सांगायचं नाही असं ठरलं. कारण कठोर आहे: तिला रडू आवरलं नसतं आणि ते शेजारपाजारपर्यंत गेलं असतं. बापाला सांगितलं. बेन म्हाताऱ्याने अन्न आणून दिलं आणि रात्री डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांच्याबरोबर थोडी वाट चालला. उद्या कुणी विचारलं की मुलांना पाहिलंस का, तर नाही पाहिलं हे खोटं ठरू नये. लाकडाच्या व्यवहारात सचोटीचा म्हणून गोरे लोक त्याचा शब्द मानायचे, आणि त्याने तो मोडला नाही.

२९ डिसेंबरचं थॉमस गॅरेटचं पत्र उपलब्ध आहे: हॅरिएट, सहा पुरुष आणि एक बाई यांना पुढे पाठवलं, तिचे आणि एका पुरुषाचे बूट चालून चालून पायातून गळून पडले होते, म्हणून दोन डॉलर दिले आणि गाडी माझ्या खर्चाने ठरवली.

रानवारा

हे गॅरेट कोण? क्वेकर ना? मग श्रेय क्वेकर मंडळींना किती आणि काळ्या लोकांना किती, यावर कुणी बोलेल का?

पाणथळ

गॅरेट विल्मिंग्टनचा लोखंडाचा व्यापारी, क्वेकर, म्हणजे गुलामगिरीला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. १८४८ मध्ये त्याच्यावर खटला होऊन जबर दंड बसला होता, तरी माणूस बधला नाही. त्याचं घर म्हणजे डेलावेअरमधला शेवटचा मोठा थांबा. तिथून केनेट स्क्वेअर आणि फिलाडेल्फिया. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल, स्वतः काळा; आलेल्या प्रत्येकाची माहिती तो वहीत टिपून ठेवायचा. त्या नोंदी त्याने दडवून जपल्या म्हणून आज आपण तारखा लिहू शकतो.

पण गॅरेटपर्यंत पोचायच्या आधीचा रस्ता पाहिलात तर बहुतेक नावं काळ्या लोकांची आहेत. जेकब जॅक्सन, ईस्ट न्यू मार्केटचे पाद्री सॅम्युएल ग्रीन, कॅम्डनचा विल्यम ब्रिंकली. त्यांची जोखीम गोऱ्या मदतनिसांपेक्षा कितीतरी मोठी. ग्रीन यांच्या घराची १८५७ मध्ये झडती झाली. कॅनडाचा नकाशा, आगगाडीचं वेळापत्रक, मुलाची पत्रं यावर गुन्हा शाबीत होईना, तेव्हा घरात ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरोधी कादंबरी सापडली एवढ्यावर दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. एका कादंबरीसाठी! १८६२ मध्ये सुटले तेही राज्य सोडून जाण्याच्या अटीवर.

माझं मत विचाराल तर क्वेकरांनी पैसा, गाडी आणि छप्पर दिलं. माहिती आणि माणसं काळ्या समाजाने दिली. तिचा रस्ता या दुसऱ्या गोष्टीवर उभा होता. गोरा मदतनीस उघडा पडला तर एक घर बंद व्हायचं. जॅक्सनसारखा माणूस गेला असता तर पूर्ण परगणा अंधारात.

लोखंडी पूल

गॅरेटच्या घराच्या आधीची मोठी अडचण म्हणजे ख्रिस्तिना नदी. विल्मिंग्टन गाव पलीकडच्या काठाला, आणि पुलावर पहारा.

नोव्हेंबर १८५६. जो बेली, बिल बेली, पीटर पेनिंग्टन आणि एलायझा मॅनोकी. जोवर पंधराशे डॉलरचं इनाम, पीटरवर आठशे, बिलवर तीनशे. एवढ्या पैशाला तर सख्खा शेजारीही फितूर व्हायचा. सगळीकडे पत्रकं डकवलेली. वाटेत बटाटे पुरून ठेवायच्या खड्ड्यांत लपले. नदीच्या अलीकडे पोचले तर पुलावर पोलीस.

गॅरेटने काय केलं? गवंड्यांच्या दोन गाड्या ठरवल्या. सकाळी गवंडी गाणी म्हणत, आरडाओरडा करत पूल ओलांडून अलीकडे आले, जणू दिवसभराच्या कामाला चालले. पहारेकऱ्यांनी पाहिलं, हसले. अंधार पडल्यावर त्याच गाड्या तशाच गोंगाटात परत. तळाशी पळालेली मंडळी झोपवलेली, वर गवंडी बसलेले. पहारेकऱ्याने सकाळी पाहिलेलीच गाडी संध्याकाळी परत चालली होती, ती तपासावी असं त्याला वाटलं नाही. सगळी मेख सकाळच्या फेरीत आहे.

न्यूयॉर्कमधल्या गुलामगिरीविरोधी मंडळींच्या कचेरीत पोचल्यावर तिथल्या माणसाने जोला बघताक्षणी पत्रकावरून ओळखलं. तो कौतुकाने बोलला, पण जोच्या पोटात गोळा आला: एवढ्या लांब आलो तरी वर्णनावरून ओळखतात? कॅनडापर्यंत तो गप्प बसून होता. गाडी नायगाराच्या झुलत्या पुलावर चढली, बाकीचे धबधबा बघायला खिडकीशी, हा डोकं धरून. पूल ओलांडल्यावर हॅरिएटने त्याला गदागदा हलवून सांगितलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

शंकासूर

पण कॅनडा का? फिलाडेल्फिया तर मुक्त राज्यात होतं.

कागदी घोडा

१८५० चा पलायन कायदा. त्यानंतर उत्तरेतल्या राज्यांतूनही पकडून परत न्यायची मुभा झाली. ज्याला पकडलं त्याला स्वतःची साक्ष द्यायची सोय नाही, पंचांपुढे खटला नाही. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस मालकाकडे धाडला तर दहा डॉलर, सोडला तर पाच. मदत करणाऱ्याला हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात होता आणि तिथे गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३४ पासून लागू होता, म्हणून नायगाराच्या पलीकडचं सेंट कॅथरिन्स हे तिचं ठाणं झालं. भावांनी तिथे स्टुअर्ट हे नवं आडनाव घेतलं.

बिनधास्त बाय

एक विचारू? तान्ही मुलं बरोबर असायची, ती रडायची नाहीत का? आणि डोक्याला मार लागल्यामुळे तिला स्वतःला मध्येच झोप लागायची म्हणतात, ते खरं आहे का?

मात्रा

दोन्ही खरं. बाळांना पॅरेगोरिक द्यायचे: अफूचा कापूर घातलेला मद्यार्क. तेव्हा कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळायचा, जुलाब-खोकल्यासाठी घरोघरी असायचा. लॉडनम या अफूच्या दुसऱ्या अर्कापेक्षा तो सुमारे पंचवीस पट सौम्य, म्हणून लेकराला तोच. तरी धोका होताच. मात्रा कमी पडली तर बाळ ऐन गस्तीच्या वेळी जागं होतं, जास्त झाली तर श्वास मंदावत जातो, आणि कडाक्याच्या थंडीत ते पटकन ध्यानात येत नाही. शिवाय झोपलेलं बाळ भूक लागली म्हणून उठत नाही, त्यामुळे दूध पाजायची वेळ आईनेच लक्षात ठेवायची. (आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका पाळीवर जाताना बाळांना अफूची ‘बाळागोळी’ चारायच्या, त्यामुळे ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये.)

शेवटच्या फेरीत, डिसेंबर १८६० च्या सुरुवातीला, एनल्स कुटुंब होतं: नवरा, बायको, सहा आणि चार वर्षांच्या मुली आणि तीन महिन्यांचं बाळ. हवा वाईट, अन्न तुटपुंजं. ते बाळ असंच अफूवर आलं.

डोक्याचा मार बकटाउनच्या दुकानातला. मुकादमाने पळणाऱ्या दुसऱ्या गुलामावर दोन पौंडांचं वजन फेकलं, ते हिला लागलं. तेव्हापासून बोलता बोलता झोपेत जाण्याचे झटके आयुष्यभर. आज वैद्यकाचे लोक हा मेंदूच्या इजेनंतरचा अपस्माराचा प्रकार मानतात. झटका आला की जमावाला ती उठेपर्यंत बसून राहावं लागायचं, दुसरा इलाज नव्हता, कारण पुढची वाट फक्त तिच्या डोक्यात.

शंकासूर

आणि पिस्तूल? ते परत फिरणाऱ्यावर रोखायची हे खरं? थोडं क्रूर वाटतं.

दर्यावर्दी

क्रूर वाटेल, पण हिशेब करा. परत गेलेल्याला मालक फटक्यांनी बोलतं करणार. मग कोठार कुणाचं, गाडी कुणाची, ओलांडायची जागा कुठली, सगळं बाहेर. एकाचे पाय गळाले की दहा घरांवर धाड. ती चाललेली वाट पुढच्या फेरीलाही हवी होती. तिने कुणावर गोळी झाडल्याची नोंद नाही.

बंदुकीशिवायही जमायचं. गॅरेटने लिहिलेला प्रसंग आहे: मार्च महिना, समोर ओहोळ, पुरुष पाण्यात उतरायला तयार नाहीत. ती आधी उतरली, पाणी काखेपर्यंत आलं, पलीकडे गेली, मग बाकीचे. पुढे दुसरा ओहोळ. मग एका काळ्या कुटुंबाने घरात घेतलं, कपडे वाळवून दिले. पैसे नव्हते, तेव्हा तिने अंगातले आतले काही कपडे काढून मोबदला म्हणून दिले.

निशाचर

पैशाचा विषय आला म्हणून: प्रत्येक फेरीमागे तिची मोलमजुरी असायची. फिलाडेल्फियात आणि केप मे या समुद्रकाठच्या गावातल्या हॉटेलांत स्वयंपाक, धुणीभांडी. उन्हाळ्यात साठवायचं, हिवाळ्यात खर्चायचं. स्कॉटलंडमधल्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी गॅरेटकरवी एकदा पाच पौंड पाठवले, त्याचे चोवीस डॉलर आणि काही सेंट झाले. अशी मदत अधूनमधून. रॅचेलचं प्रकरण याच पैशाशी जोडलेलं आहे, पाणथळ लिहितील का?

पाणथळ

लिहितो, कारण कार्यपद्धती कुठे तोकडी पडली हेही यायला हवं.

रॅचेल ही तिची मागे राहिलेली बहीण. अनेक वर्षं प्रयत्न चालले. रॅचेलची दोन मुलं, बेन आणि अँजेरीन, तिच्यापासून दूर दुसरीकडे ठेवलेली. मुलांशिवाय ती हलायला तयार नाही, आणि तिघं एका रात्री एका जागी यायचा योग काही जुळेना. ‘भेटीच्या जागी स्वतः या’ हा नियम आईला पाळता येत नव्हता. मालकांनी हे मुद्दाम केलं असो वा नसो, कुटुंब विखुरलेलं ठेवणं हीच सर्वात पक्की बेडी होती. १८५९ मध्ये रॅचेल वारली. १८६० च्या त्या फेरीत हॅरिएट मुलांसाठी गेली होती. त्यांना बाहेर काढायला तीस डॉलर द्यावे लागणार होते आणि तेवढे नव्हते. मुलं मागे राहिली. मोकळ्या हाताने परतण्याऐवजी तिने एनल्स कुटुंबाला घेतलं.

दुसरं अपयश फितुरीचं, तिच्या गैरहजेरीत. मार्च १८५७ मध्ये डॉर्चेस्टरहून आठ जण निघाले. वाट हॅरिएटने आखून दिलेली, वाटाड्या थॉमस ऑटवेल, काळाच, तिचा विश्वासातला. तीन हजारांच्या इनामासाठी त्याने त्यांना डोव्हरच्या तुरुंगातच नेऊन उभं केलं. हेन्री प्रेडो याला चांदण्यात खिडकीचे गज दिसले आणि संशय आला. शेरीफ पिस्तुलं आणायला आपल्या खोलीत गेला, तर हे सगळे त्याच्या मागोमाग आत. हेन्रीने शेकोटीतले निखारे जमिनीवर पसरले, खिडकी फोडली, साथीदार उड्या टाकून पसार. आठही जण निसटले. पण जाताना ते पॉप्लर नेकला बेन रॉसच्या आसऱ्याला राहिले होते, तो संशय म्हाताऱ्यावर आला.

म्हणून मे-जूनमध्ये तिला सत्तरी ओलांडलेल्या आईबापांना काढावं लागलं. दोघांना एवढं चालवणं शक्य नाही. तिने म्हातारा घोडा मिळवला, गवताचं जोखड केलं, जुन्या बग्गीची दोन चाकं आणि आस. आसावर बसायला एक फळी, पाय ठेवायला दुसरी फळी दोरीने टांगलेली. अशा गाडीत आगगाडीच्या ठाण्यापर्यंत. रिटला तर बेनने दोन वर्षांपूर्वी वीस डॉलर मोजून मालकिणीकडून विकत घेतलं होतं. नवऱ्याने बायको विकत घ्यायची, आणि तीही कायदेशीर पावती करून.

रानवारा

गोधड्यांच्या नक्षीत गुप्त नकाशा असायचा, तेही सांगा ना. शाळेच्या प्रकल्पात मुलांनी केलं होतं.

कागदी घोडा

गोधड्यांचं काढून टाका. त्या काळातल्या पळालेल्या एकाही माणसाच्या कथनात ते येत नाही, १९९० नंतर लोकप्रिय झालेली गोष्ट आहे. गाण्यांचं खरं आहे, पण मर्यादित: लपलेल्यांना ‘बाहेर या’ किंवा ‘हलू नका’ कळवायला ती ठरावीक भजनं म्हणायची, त्यांत रस्त्याचा नकाशा वगैरे नसायचा. रानात एकटीच बाई भजन म्हणत चालली तर कुणाला काय वाटणार?

असंच दुसरं: दिवसा ओळखीच्या मालकाशी गाठ पडली तेव्हा हातातल्या कोंबड्यांच्या पायाची दोरी ओढून त्यांना फडफडवलं आणि त्यांच्यामागे धावत तोंड फिरवलं. आगगाडीत एकदा वर्तमानपत्र उघडून बसली, कारण पळालेली गुलाम बाई निरक्षरच असणार असं लोक धरून चालायचे. पत्र सुलटं धरलंय की उलटं, एवढीच तिला धास्ती.

बिनधास्त बाय

कंबाही नदीवरच्या छाप्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. सत्तर माणसं दहा वर्षांत, आणि साडेसातशे एका रात्रीत!

लोखंडी पूल

तो प्रकार वेगळा, लष्करी. यादवी युद्धात १८६२ पासून ती दक्षिण कॅरोलिनात उत्तरेच्या फौजेबरोबर, आधी शुश्रूषा, मग हेरगिरी. २ जून १८६३ च्या पहाटे कर्नल माँटगोमेरीच्या काळ्या पलटणीबरोबर तीन आगबोटी निघाल्या. एक वाटेतच रुतली, दोन पुढे गेल्या. पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत हे तिच्या माणसांनी स्थानिक गुलामांकडून काढलेलं होतं. भातशेतीचे बांध आणि दारं फोडली, वाडे जाळले.

काठावर जी गर्दी लोटली तिची कुणी कल्पना केली नव्हती. चुलीवरचा भात तसाच भांड्यासकट डोक्यावर, पाठीवर पोर, झोळीत डुक्कर. दोन डुकरं बोटीवर आली, एक पांढरं, एक काळं. पांढऱ्याचं नाव बोरेगार्ड ठेवलं, काळ्याचं जेफ डेव्हिस, म्हणजे शत्रूचा सेनापती आणि अध्यक्ष. अडचण छोट्या नावांची: जे चढले ते चढले, राहिलेले काठ धरून लोंबकळले, नाव हलेना. शेवटी माँटगोमेरीने तिला गायला सांगितलं. लोक टाळ्या द्यायला हात सोडतील तेवढ्यात नाव सुटली. धावपळीत तिचा झगा फाटून चिंध्या झाल्या, तेव्हा जूनअखेरच्या पत्रात तिने बॉस्टनच्या मंडळींकडे तुमानीचा पोशाख मागितला.

पगाराचं मात्र सरकारने घोंगडं भिजत ठेवलं. १८९५ मध्ये निवृत्तिवेतन मिळालं ते मृत नवऱ्याच्या सैनिकी सेवेबद्दल, महिना आठ डॉलर. १८९९ मध्ये ते वीस झालं. तिच्या स्वतःच्या सेवेचं स्वतंत्र वेतन नाहीच.

रानवारा

थोडं अवांतर. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या वर्षी ही बाई न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नला राहत होती, पन्नाशीची, कर्जात. अर्पणपत्रिकेतल्या त्या लोकांत ती नक्की बसते.

पाणथळ

बसते. ऑबर्नची जागा तिने १८५९ मध्ये सेनेटर सेवर्डकडून बाराशे डॉलरला हप्त्याने घेतली होती. १० मार्च १९१३ ला तिथेच वारली.

निशाचर

मेरीलँड, डेलावेअर, न्यू जर्सीतल्या मंडळींनी रस्ता पाहायचा असेल तर केंब्रिजजवळ चर्च क्रीकला राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे, २०१७ पासून. मेरीलँडमधला आखलेला मार्ग १२५ मैलांचा, मोटारीने करायचा. बकटाउनचं दुकान त्यावरच. बाप बेन रॉसच्या घराची जागा २०२१ मध्ये ब्लॅकवॉटर अभयारण्यात उत्खननात सापडली, पण तो भाग वरचेवर पाण्याखाली असतो.

बिनधास्त बाय

मुलांना घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचा विचार आहे. एका दिवसात होईल का?

निशाचर

माहिती केंद्र, दुकान आणि ब्लॅकवॉटर एवढं होतं. पॉप्लर नेक आणि डेलावेअरची बाजू धरलीत तर दोन दिवस लागतील. जुलै-ऑगस्टमध्ये डास आणि गोमाश्या जीव खातात. ऑक्टोबरनंतर जमलं तर बघा, नाहीतर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि औषध बरोबर ठेवा.